अकरा जुलैला सगळे येतात, तारखेला कोण येतं?



दरवर्षी ११ जुलैला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात माणसं जमतात. फुलं येतात, मेणबत्त्या येतात, निळे झेंडे येतात. मग पुढारी येतात. एका गटाची गाडी गेली की दुसऱ्या गटाची लागते. दोन गट एका माईकवर उभे राहत नाहीत, पण बोलतात मात्र तेच : शहिदांचं रक्त वाया जाऊ देणार नाही. आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्यात. हात लाल होईस्तोवर वाजवल्यात.

आज टाळ्या वाजवायच्या नाहीत. एक सवाल विचारायचाय. आधी स्वतःला, मग तुम्हाला, मग त्या माईकवाल्यांना. ज्या फौजदाराला आपली दहा माणसं मारल्याबद्दल मे २००९ मध्ये जन्मठेप झाली, त्याचा जामीन हायकोर्टात सुनावणीला निघाला तेव्हा तू कुठं होतास? मी कुठं होतो? मला तर तारीखच ठाऊक नव्हती. जामीन झाला हे पेपरात वाचलं. चहा प्यायलो, दोन शिव्या हासडल्या आणि कामावर गेलो. त्या शिव्यांची मला अजून लाज वाटते. फुकट होत्या.

जी पोरं १९९७ नंतर जन्मली त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. दरवर्षी नवी पोरं येणार, तर दरवर्षी सांगितलंच पाहिजे.

११ जुलै १९९७ ची सकाळ. वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार. पोलीस चौकी पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर. लोक आधी तिथंच गेले, हे ध्यानात ठेवा. कायद्याच्या दारात गेले. चौकीवाल्यांनी तक्रार घेतली नाही, पंतनगर ठाण्यात जा म्हणाले. माणसं चिडली, पूर्व द्रुतगती मार्गावर आली, रस्ता अडला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली. तिचा म्होरक्या फौजदार मनोहर कदम. आणि गोळ्या सुटल्या. दहा माणसं मेली, सव्वीस जखमी झाली. मेलेल्यांत रास्ता रोकोशी काही संबंध नसलेलंही माणूस होतं. राज्य तेव्हा सेना-भाजप युतीचं.

मग पोलिसांनी टँकरची गोष्ट रचली. हायवेवर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, पेटले असते तर अनर्थ झाला असता, म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या. म्हणजे आमच्यावर गोळ्या घातल्या त्याही आमच्याच भल्यासाठी! न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग बसला. १९९८ मध्ये त्याचा अहवाल आला. आयोगानं टँकरची गोष्ट मानली नाही. गोळीबाराची गरज नव्हती असं म्हटलं आणि कदमवर ठपका ठेवला.

आयोग बसायच्या आधी, गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात जीव दिला. ज्यानं रस्त्यारस्त्यावर आपल्याला उभं केलं तो माणूस उभा राहू शकला नाही. आनंद पटवर्धनांनी तिथून कॅमेरा उचलला आणि चौदा वर्षांनी, २०११ साली, 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला. एक फिल्मवाला चौदा वर्षं ह्या खटल्याच्या मागं फिरला. आपण दरवर्षी एक दिवस फिरलो.

आता कोर्टाकडं या. ७ मे २००९. शिवडीचं जलदगती न्यायालय. जलदगती म्हणायचं, आणि गुन्ह्याला बारा वर्षं होत आलेली! तरी निकाल लागला. मनोहर कदमला सदोष मनुष्यवधाखाली जन्मठेप. वस्तीत पेढे वाटले. आणि थोड्याच दिवसांत हायकोर्टानं शिक्षा स्थगित करून जामीन दिला. पेढ्याचा खोका रिकामा व्हायच्या आत.

इथं जरा थांबा. शिव्या नंतर द्या, आधी कायदा समजून घ्या. शिवी त्याला घाबरत नाही, कायदा कळलेल्या पोराला मात्र घाबरतो.

जामीन दोन जातीचे. एक गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीचा. तिथं माणूस निर्दोष धरलेला असतो. दुसरा शिक्षा झाल्यावरचा, अपील चालू असतानाचा. तिथं निर्दोष धरायची बात संपलेली असते, कोर्टानं दोषी ठरवलेलं असतं. म्हणून दुसरा जामीन पहिल्यापेक्षा कठीण पाहिजे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३८९ होतं. त्यात २००६ पासून एक अट लागू झाली होती : फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाही अशी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सोडण्याआधी सरकारी वकिलाला लेखी हरकत घ्यायची संधी दिलीच पाहिजे. आणि सोडलं तरी जामीन रद्द करा म्हणून सरकार अर्ज करू शकतं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, कलमाचा आकडा बदलला. गोष्ट तीच.

म्हणजे २००९ साली दोन दरवाजे होते. सरकारी वकिलानं लेखी काय दिलं? दिलं का? रद्द करायचा अर्ज टाकला का? हे विचारायला मंत्रालयावर कुणी गेलं का? तेव्हा राज्य युतीचं नव्हतं, आघाडीचं होतं. त्या आघाडीच्या मांडीला मांडी लावून आपले किती पुढारी बसले होते, ते मोजा. १९९७ ला ज्यांनी गोळ्या घातल्या ते दुश्मन, हे बरोबर. पण २००९ ला ज्यांच्या हातात कागद होता ते कोण होते? पाहुणे?

कुणी म्हणेल, हायकोर्टाला जामीन द्यायचा अधिकार आहे, कायद्यात बसतं. बसतं. मी कुठं नाही म्हणतो? अपिलं वर्षानुवर्षं पडून राहतात, माणूस तोवर आत सडू नये म्हणून जामीन द्यावा लागतो, हाही युक्तिवाद मला मान्य. माझं म्हणणं एवढंच की तो मोठेपणा आमच्या गल्लीपर्यंत का येत नाही?

चला, उपनगरातल्या कोर्टात चला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी, कुर्ला. गुन्हा मोठा असेल तर मॅजिस्ट्रेट हात झटकतो, मग दिंडोशीचं किंवा फोर्टचं सेशन्स कोर्ट. मी ज्याची गोष्ट सांगतोय त्या कोर्टाचं नाव घेत नाही. नाव घेऊन एकाला लाज आणायची नाही, सगळीकडं तेच आहे.

३ जानेवारी २०१८. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतरचा महाराष्ट्र बंद. आमच्या बाजूच्या गल्लीतला पोरगा. वय एकोणीस. बंदला होता, घोषणा दिल्या, हे तो स्वतःच सांगतो. दोन दिवसांनी रात्री उचलला. दंगल, सरकारी कामात अडथळा, आणि वर ३०७ : खुनाचा प्रयत्न. दगड कुणी मारला, कुणाला लागला, कागदावर 'जमावातील इसम'. बाप पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर, पण ठेकेदाराकडं. आई चार घरची धुणीभांडी करते. दोघंही सुनावणीच्या दिवशी खाडा करून कोर्टाच्या बाकावर.

पहिली तारीख : पोलिसांचा 'से' आला नाही. दुसरी तारीख : तपास अधिकारी बंदोबस्तावर. तिसरी तारीख : साहेब रजेवर. चौथ्या तारखेला आपला वकील उभा राहिला, सरकारी वकील उभा राहिला. सगळं मिळून दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी पोरगा एकोणीस दिवस आत होता. जामीन झाला. आईनं तिथंच हात जोडले. मला वाटलं, संपलं.

संपलं कुठं? ऑर्डर अशी : पंचवीस हजारांचा जामीन, ऐपतदार जामीनदार. मी म्हटलं, मी राहतो. कागद घेऊन गेलो. रेशनकार्ड, आधार, पगाराची चिठ्ठी.

"घर नावावर आहे का?"

"फोटोपास हाय."

"फोटोपासावर नाही चालत. ऐपतीचा दाखला आणा तहसीलदाराचा."

"साहेब, झोपडीला कोण ऐपतीचा दाखला देतो?"

"ते मी काय सांगू?"

बाहेर झाडाखाली एक जण उभा होता. त्याच्याकडं सगळं होतं. जामीनदार होता, दाखला होता, रबरी शिक्का होता. फक्त आठ हजार द्या. खरा शेजारी चालत नाही, भाड्याचा खोटा जामीनदार चालतो. आम्ही भाड्याचा घेतला नाही. वस्तीतल्या एका निवृत्त रेल्वे कामगाराला हुडकला, त्याचे पेन्शनचे कागद लावले. ह्यात पंधरा दिवस गेले. एकोणीस आणि पंधरा, चौतीस दिवस. त्यातले पंधरा दिवस तर कोर्टानं सोड म्हटल्यानंतरचे! आईची दोन घरं सुटली. पोराची बारावी बुडाली. गुन्हा अजून सिद्ध व्हायचाच होता.

आणि हे काय नवीन आहे? १९७८ साली सुप्रीम कोर्टापुढं मोतीराम नावाच्या एका गवंड्याचा मामला आला. मध्य प्रदेशातला. मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला, भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कान उपटले आणि गवंड्याला हजार रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडा म्हणून सांगितलं. १९७८! आमचा पोरगा २०१८ चा. मधल्या चाळीस वर्षांत तो निकाल वकिलांच्या कपाटातून कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचला नाही. सुप्रीम कोर्टाला ३१ जानेवारी २०२३ ला पुन्हा सांगावं लागलं : जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिन्याभरात जामीनदार नाही मिळाला तर कोर्टानं आपणहून अट सैल करायचा विचार करायचा. हा कागद खिशात ठेवा. कुणी आपणहून दाखवणार नाही.

सरकारचाच २०२२ चा तुरुंगांचा हिशोब बघा. देशातल्या दर चार कैद्यांतले तीन कच्चे. म्हणजे शिक्षा न झालेले, तारखेची वाट बघत बसलेले. त्या कच्च्या कैद्यांत सुमारे पाचातला एक अनुसूचित जातीचा. आपण लोकसंख्येत सहातले एक. न्यायमूर्तींच्या खुर्च्यांवर पाचातला एक आपला बसलेला कुणी पाहिलाय का?

आता मुळावर येतो. गंभीर गुन्ह्यात जामीन द्यायचा का, हे ठरवताना कोर्ट गुन्ह्याचं वजन, पुरावा वगैरे बघतं आणि वर तीन सवाल विचारतं. आरोपी पळून जाईल का? पुरावा बिघडवेल का? साक्षीदारावर दाब आणील का? सवाल ठीक आहेत. पण त्यांची उत्तरं कशी काढतात ते बघा.

पळून जाईल का? पक्कं घर आहे, पक्की नोकरी आहे, समाजात मुळं आहेत, नाही पळणार. आणि झोपडीवाला? त्याचा पत्ताच कच्चा, आज आहे उद्या बुलडोझर. म्हणजे बुलडोझर सरकारचा, आणि पळपुटा ठरतो आम्ही! गावकुसाबाहेर हाकलायचं आणि मग विचारायचं, तुझं मूळ कुठं आहे?

साक्षीदार दाबेल का? पुरावा बिघडवेल का? खरं सांगा, कुणाच्या हातात आहे हे? कचऱ्याच्या गाडीवरल्या बापाच्या पोराच्या? का ज्याच्या कमरेला सरकारी हत्यार, ज्याच्या खात्याकडं पंचनामा, ज्याचे भाऊबंद तपास करणारे, त्याच्या? ज्याला दाबता येतं तो बाहेर आणि ज्याला दाबलंय तो आत. तीन सवाल कोरे आहेत, पण उत्तरं आपल्या जातीची आणि त्यांच्या जातीची वेगवेगळी छापून ठेवलीत.

विश्वास नसेल तर भीमा कोरेगावची तारीखवही उघडा. १ जानेवारी २०१८ ला हल्ला झाला. त्या गुन्ह्यात नाव असलेले मिलिंद एकबोटे १४ मार्च २०१८ ला अटक झाले, तेही सुप्रीम कोर्टानं अटकपूर्व जामीन फेटाळल्यावर. एप्रिलमध्ये जामिनावर बाहेर. दुसरं नाव संभाजी भिडे यांचं. त्यांना अटकच झाली नाही. आणि सुधीर ढवळे? 'विद्रोही'चा संपादक, आपल्यासारख्याच कागदांवर शाई काळी करणारा माणूस. एल्गार परिषदेच्या आयोजकांतला. ६ जून २०१८ ला अटक. हायकोर्टाचा जामीन ८ जानेवारी २०२५ ला. बाहेर पाऊल २४ जानेवारी २०२५ ला. सहा वर्षं सात महिने. तोवर आरोपसुद्धा निश्चित झाले नव्हते आणि साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर. ह्याच माणसाला आधी जानेवारी २०११ मध्ये पकडून सुमारे चाळीस महिने आत ठेवलं आणि २०१४ ला निर्दोष सोडलं. दोन्ही मिळून दहा वर्षं. सिद्ध काय झालं? शून्य.

ही जादू कुठल्या कलमाची? यूएपीए, कलम ४३-ड, पोटकलम ५. पोलिसांचे कागद वरवर बघून आरोप खरा वाटला की जामीन नाही. आरोपीनं आपलं खरं कधी सांगायचं? खटल्यात. खटला कधी? बघू. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला स्वाधीन झाले. तारीख बघा. सुटले २६ नोव्हेंबर २०२२ ला. तीही तारीख बघा. जयंतीच्या दिवशी आत, संविधान दिनाला बाहेर. अंधेरीचे व्हर्नन गोन्साल्विस ऑगस्ट २०१८ ला आत, सुप्रीम कोर्टानं जामीन दिला २८ जुलै २०२३ ला. आणि स्टॅन स्वामी, चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, हात थरथरतात म्हणून पाणी प्यायला नळीचा पेला मागत होता. त्याच्यावर तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ ला तो वांद्र्याच्या इस्पितळात मेला. त्याच्या जामिनाची सुनावणी हायकोर्टात चालूच होती.

आता दोस्तांनो, जे बोलणार आहे ते आपल्यातल्या काही जणांना झोंबेल. झोंबू द्या.

आपल्या मोर्चात एक घोषणा हमखास असते. आरोपींना जामीन देऊ नका! फाशी द्या! कायदा कडक करा! मीही दिलीय. पण नीट विचार केला का? जामिनाचं दार जेवढं अरुंद कराल तेवढं आधी कोण अडकेल? वरच्या आळीचा का खालच्या? टाडा आला, मोक्का आला, यूएपीए आला. प्रत्येक वेळी सांगितलं, हे अतिरेक्यांसाठी, हे गुंडांसाठी. आणि आत गेले कोण? मुसलमान, आदिवासी, आपली पोरं, आपले शाहीर. कडक कायद्याची मागणी आपण करतो आणि त्याची मापं आपल्याच अंगाची घेतली जातात.

'मग ॲट्रॉसिटीचं कलम १८ काय? तिथंही अटकपूर्व जामीन नाही. तेही सोडायचं का?' विचाराच. हा खरा सवाल आहे आणि विरोधक हाच फेकून मारतात.

नाही सोडायचं. फरक समजून घ्या. कलम १८ अटकेआधीचा जामीन बंद करतं. अटकेनंतर नेहमीचा जामीन मागता येतो, कोर्ट गुणावगुण बघून देतं. यूएपीएसारखं वर्षानुवर्षं कुलूप नाही ते. आणि अटकेआधीचा का बंद? कारण आरोपी आणि फिर्यादी एकाच गावात, एकाच आळीत, एकाच हॉस्पिटलात. जो मारतो त्याच्याच शेतावर काम, त्याच्याच विहिरीचं पाणी, त्याच्याच सहीचा पगार. तक्रार केली त्या रात्री आरोपी घरासमोरून मिशीला पीळ देत फिरला, तर दुसऱ्या दिवशी साक्षीदार राहील का? १९९५ साली सुप्रीम कोर्टानं हेच कारण मानून कलम १८ टिकवलं. मग २० मार्च २०१८ ला, आपल्याच कराडच्या एका सरकारी कॉलेजातून गेलेल्या मामल्यात, त्याच कोर्टानं ते पातळ केलं. २ एप्रिलला देश बंद झाला, आपली माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८-अ घालावं लागलं. १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं स्वतःचा निकाल मागं घेतला, १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ टिकवलं. हे रस्त्यावर मिळवलं. रस्ता सोडा असं मी म्हणत नाही.

पण रस्त्यावर मिळवलेलं कोर्टात सांडतंय, त्याचं काय? २०१५ च्या दुरुस्तीनं, २६ जानेवारी २०१६ पासून, ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ आलं. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची खबर फिर्यादीला द्यायलाच पाहिजे. फिर्यादीला तिथं बोलायचा हक्क. सुनावणीचं चित्रीकरण करायची तरतूद. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं एका राजस्थानच्या मामल्यात ठणकावलं की खबर आणि म्हणणं ऐकणं ही मर्जीची बाब नाही, सक्तीची आहे. आणि खबर न देता दिलेला जामीन रद्द केला. आपल्या किती पोरांना हे कलम पाठ आहे? बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, चांगली गोष्ट. ही तेविसावी समजा.

डॉ. पायल तडवी. आदिवासी पोरगी, डॉक्टर, २२ मे २०१९ ला नायर हॉस्पिटलात गेली. तीन डॉक्टर बायांवर छळाचा आणि ॲट्रॉसिटीचा गुन्हा. हायकोर्टात जामिनाची सुनावणी आली तेव्हा १५-अ चा आधार निघाला आणि सुनावणीचं चित्रीकरण झालं. ९ ऑगस्ट २०१९ ला जामीन झाला, पण अटींवर. जामीन झाला म्हणून तुम्ही नाराज व्हाल. पण बघा, तिथं पायलची बाजू खोलीत होती. कोर्टाला तिचं नाव घेऊन बोलावं लागलं, अटी लिहाव्या लागल्या. बंद दाराआड दहा मिनिटांत उरकता आलं नाही. हरलेल्या सुनावणीतूनही एवढं मिळतं, माणूस हजर असला तर.

म्हणून आपली मागणी नीट बोला. 'कुणालाच जामीन नको' ही आपली भाषा नाही. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत कलम १५-अ मांडलं, जे आज संविधानाचं कलम २२ आहे. अटकेचं कारण सांगा, वकील करू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभा करा. त्यांनी 'आपला आरोपी' आणि 'त्यांचा आरोपी' असे दोन रकाने आखले नाहीत. मनोहर कदमलाही तो हक्क आहे. आमच्या गल्लीतल्या एकोणीस वर्षांच्या पोरालाही तोच आहे. आपली लढाई एकच माप दोघांना लावण्याची. आणि ज्याच्या हातात साक्षीदाराचं नरडं आहे, त्याच्याबाबत साक्षीदाराला आधी विचारण्याची.

आता काम सांगतो. भाषण झालं.

एक. प्रत्येक वस्तीत तारीखवही ठेवा. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. आपल्यावरचे गुन्हे आणि आपण दाखल केलेले गुन्हे, दोन्ही. गुन्हा नंबर, कोर्ट, पुढली तारीख, वकील. ११ जुलैचा हार आणायला वर्गणी निघते, ह्या वहीला निघेल.

दोन. तारखेला दोघं जण जा. घोषणा नको, झेंडा नको. बाकावर बसा, लिहून घ्या : 'से' आला का, सरकारी वकील काय बोलला, तपास अधिकारी हजर होता का. न्यायाधीशाला दमात घ्यायला जायचं नाही. आपण बघतोय, एवढं कळलं तरी पुष्कळांची रजा रद्द होते.

तीन. जामीनदारांची यादी करा. पालिकेतले, रेल्वेतले, बँकेतले, बीएसएनएलचे पेन्शनवाले. आपल्यातले शिकून वर गेले, ठाण्याला मुलुंडला फ्लॅट घेतले, दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो लावला. त्यांच्याकडं जा. देणगी मागू नका. म्हणा, काका, तुमच्या घराचा कागद आणि एक दिवस द्या. पोरगा पळाला तर आम्ही हुडकून आणू. फोटोपुढं अगरबत्ती लावण्यापेक्षा एका पोराचा जामीन राहणं मोठं आहे, हे त्यांच्या तोंडावर सांगा. चहा मिळणार नाही कदाचित. चालतंय.

चार. फिर्याद आपली असेल तर पहिल्याच दिवशी लेखी अर्ज टाका : जामिनाच्या प्रत्येक सुनावणीची खबर आम्हाला पाहिजे, १५-अ खाली. पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज नाही.

पाच. पुढाऱ्याला पुढच्या ११ जुलैला माईकखाली थांबवा आणि विचारा : साहेब, गेल्या वर्षात कोर्टाच्या किती तारखांना होता? आकडा सांगा. सांगता आला तर टाळ्या वाजवा, मीही वाजवीन.

कुणी म्हणेल, हे तर कारकुनी काम, क्रांती कुठंय ह्याच्यात? गड्या, महाडचं तळं आठव. डिसेंबर १९२७ ला कोर्टाचा मनाई हुकूम आला, हजारो माणसं जमलेली, आणि बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं. मनुस्मृती जाळली आणि दावा लढवला. तो दावा संपला १७ मार्च १९३७ ला, मुंबईच्या हायकोर्टात. दहा वर्षं तारखा. चवदार तळ्याच्या पाण्यावर प्रत्येक १४ एप्रिलला गाणी म्हणतो आपण, त्या दहा वर्षांच्या तारखांवर एक गाणं नाही. तळं त्या तारखांनीही जिंकलंय.

आमच्या गल्लीतला तो पोरगा आता सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. खटला अजून चालू आहे. पुढली तारीख वहीत लिहिलीय. गेल्या तारखेला बाकावर आम्ही तिघं होतो : तो, त्याची आई आणि मी. बाकावर आणखी चौघांची जागा होती.

येतोस?

जयभीम.